बुधवारी केस कापत नाहीत

बान नोंग वेंग
२१ ऑक्टोबर, बुद्धवर्ष २५३७

राविवन पोरी,

सगळ्यात आधी टपकली ती पू फिलाची सून. ऊन अजून चिंचेच्या पलीकडेच होतं आणि ही बया दारात. हात हलवत आलेली, गालात विडा, आणि वर तोंड करून, जशी काही मी हिचीच आजी, म्हणते, "याय, मदतीला आले हो!" मदत कसली डोंबलाची! शेवया गाळून झालेल्या, माशाचा रस्सा चुलीवरून उतरलेला. बसली आणि तीन वाडगे रिचवले. मागोमाग म्हातारा पू फिला स्वतः आला काठी टेकत. "वास आला म्हणून आलो," म्हणाला. गावात खरं बोलणारा तेवढा एकच. मग खालच्या आळीतल्या सगळ्या आल्या. परवा वर्षावास संपला, मठात दिवे लागले, आणि दिव्यांच्या दुसऱ्या दिवशी शेवया आपल्याकडे, हे तुझा आजा होता तेव्हापासूनचं आहे, ते मी मोडणार नाही.

आली नाही ती एकटी थोंगसा. सख्खी धाकटी बहीण माझी, घर चाळीस पावलांवर, आणि दिवसभरात तोंड दाखवलं नाही. मी चारदा विचारलं, थोंगसा कुठाय म्हणून. तर बायका एकमेकींकडे बघतात आणि खिदळतात. असेल रुसलेली. मागे तिच्या कोंबडीला मी खडा मारला होता, ते धरून बसली असेल.

तुझ्या आईचंही काही खरं नाही. सोमजित हल्ली मला मोजून वाढते. ताटात मासा असतो तो अर्धा, डोकं आहे तर शेपटी नाही. मी म्हटलं, "बाई, शेपटी मांजराला ठेवलीस का?" तर तिने ताट गर्रकन फिरवलं आणि शेपटी हजर! हातचलाखी शिकलीय कुठेतरी. मी इतकी हसले की ठसका लागला.

शहरातल्या व्यापारणीने रेशीम परत पाठवलं. म्हणे डाव्या काठाला धागे लोंबतात, नक्षी मध्येच तुटते. पंचावन्न वर्षं मागावर बसतेय मी, हिच्या आईच्या लग्नाचं कापड मी विणलंय, आणि हिला काठ दिसतो नि मला दिसत नाही? मला तर झकास दिसलं. पण राग आला नाही हो. हल्ली मला राग कशाचाच येत नाही, हसूच फार येतं. भंते प्रवचनात नरकाचं सांगत होते, उकळती कढई वगैरे, तर मला फसकन हसू आलं. भंतेही थांबले. तुझ्या आईने माझा दंड असा आवळला की वळ उठला.

तू भात जेवतेस ना पोटभर? तिकडे दक्षिणेत म्हणे सगळे मोकळा भात खातात. त्याने कसली भूक भागते! चिकट भात मिळतो का बघ.

तुझी याय,
खामपुन

*

हादयाय
२७ ऑक्टोबर २५३७

याय,

तुझं पत्र मी ड्यूटीवर असताना डोळ्यांच्या वॉर्डातल्या बायकांना वाचून दाखवलं. टाके घातलेल्या, त्यांना हसायची बंदी आहे, आणि बंदी मोडल्याबद्दल मी सिस्टरांची बोलणी खाल्ली.

पण याच टपालाने याय थोंगसाचंही पत्र आलं. ती लिहिते की ती त्या दिवशी सकाळपासून तुझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तुझी सुपारी तिनेच कातरली. "थोंगसा कुठाय" हे तू चारही वेळा तिच्याच कानाशी ओरडलीस. आधी तिला थट्टा वाटली, चौथ्यांदा ती उठून घरी गेली आणि रडली. म्हणजे रुसली आहे खरी, पण आत्ता रुसली आहे.

याय, तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला असणार. मी इथे रोज तेच बघते. लोकांना कळत नाही की एक डोळा गेलाय, आणि मग लोक म्हणतात म्हातारी माजली. तालुक्याच्या इस्पितळात मंगळवारी डोळे तपासतात. आईला घेऊन जा. एकेक डोळा झाकून वाचायला सांगतील, तेव्हा चोरून बघायचं नाही. मला ठाऊक आहे तू बघशील.

चिकट भात मिळतो. आपल्यासारखा नाही.

राविवन

*

बान नोंग वेंग
३ नोव्हेंबर २५३७

राविवन पोरी,

तुझ्या पत्राची गंमतच झाली. ओळी सगळ्या मधूनच सुरू होतात! "बसली होती" आहे, कोण बसली ते नाही. म्हटलं, चार यत्ता शिकलेल्या म्हातारीला अशी कोडी का घालते ही? मग सोमजितने वाचून दाखवलं तर सगळं शहाण्यासारखं निघालं. तिला कुठून दिसतं कोण जाणे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. हा डोळा झाक, तो डोळा झाक. दोन्हींनी वाचलं. म्हणाला, "याय, या वयात असे डोळे! थोडा मोतीबिंदू आहे, घाई नाही." आता बोल. थोंगसा येऊन भांडून गेली. मी डाव्या बाजूला बसले होते म्हणते. बसली असेल बाई, बसलेल्या माणसाने आवाज तरी द्यावा!

सकाळी उठल्या उठल्या डोकं मात्र ठणकतं, कुणीतरी आतून मुसळ घालतंय असं. आणि ओकारी होते. ओकले की बरं वाटतं, मग दिवसभर मी मजेत. अडुसष्टाव्या वर्षी सकाळची ओकारी! मी सोमजितला म्हटलं, "पाळणा काढ माळ्यावरून." तिला हसू आलं नाही. तिला विनोद कळत नाही, तुझ्या बापावर गेली आहे लग्नानंतर.

मागाच्या फळीवरून पडलेसुद्धा. धोटा उजव्या हाताने फेकला, डाव्याने झेलायचा, तर डावा हात जागेवर नव्हताच. कुठे गेला होता देव जाणे.

पू फिलाने मात्र बरोबर ओळखलं. म्हणाला, बत्तीस ख्वन असतात अंगात, एकेका अवयवाचा एकेक रखवालदार जीव, त्यातला डाव्या हाताचा सांडलाय. तळ्याच्या बांधावर मी घसरले होते ना भादव्याच्या चिखलात, तिथेच. मग काय, मोठा थाट केला. केळीच्या पानांचा मनोरा, झेंडूची फुलं, उकडलेली अंडी, तांदळाची दारू. पू फिलाने बांधावर उभं राहून हाका मारल्या, "ये रे ख्वना, रानात राहू नको, पाण्यात राहू नको, घरी ये." एवढा गोड आवाज लावला की मीच उठून निघाले होते. मग गावाने मनगटाला दोरे बांधले. पण बघ गंमत, एकाच मनगटाला! मी म्हटलं, "दुसऱ्या हाताने काय पाप केलंय?" तेव्हा सोमजितने एक हात माझ्या तोंडासमोर धरला, कोपरापर्यंत पांढऱ्या दोऱ्यांनी भरलेला. मी म्हटलं, "छान आहे. कुणाचा आहे?"

तुझी आई उठून आत गेली. तिचं काय बिनसलंय विचार तिला, माझ्याशी बोलत नाही.

तुझी याय

*

हादयाय
८ नोव्हेंबर २५३७

याय,

तुझं पत्र मी आमच्या डॉक्टरांना दाखवलं. मजकूर वाचायच्या आधीच त्यांनी कागद टेबलावर सरळ ठेवला आणि म्हणाले, "हिने डावा अर्धा कागद कोरा का सोडलाय?" मी त्याकडे नीट लक्षच दिलं नव्हतं. मला वाटलं, कागद दुमडलेला असेल.

याय, दोन कामं कर, माझ्या गळ्याची शपथ. पहिलं, मी सोबत एक गोल काढून पाठवते, त्यात घड्याळाचे बारा आकडे लिहून मला परत पाठव. दुसरं, आईला घेऊन खोन केनच्या मोठ्या इस्पितळात जा. तालुक्याच्या नाही, मोठ्या. सोबतचं बंद पाकीट तिथल्या डॉक्टरांच्या हातात दे. तू उघडू नकोस, इंग्रजीत आहे. डोक्याचा एक फोटो काढतील. घाबरण्यासारखं काही नाही, एखादी शीर आखडलेली असेल. त्यानेही हात असा विसरल्यासारखा होतो.

भात कापायचा राहिला तरी चालेल, आईला सांग. भात उभा राहतो.

राविवन

*

बान नोंग वेंग
२६ नोव्हेंबर २५३७

राविवन पोरी,

सोमजित म्हणते तिला काही लिहू नकोस, उगाच काळजी करेल. पण मी तुला लिहिणार नाही तर काय कोंबड्यांना लिहू?

गेलो मोठ्या इस्पितळात. काय ती फरशी, पाय ठेवायला लाज वाटते. मला एका नळकांड्यात घातलं, दंडात औषध टोचलं, अंग गरम झालं, यंत्र गरगरलं, झालं. मग एका बाईने काठीपासून काठीपर्यंत दोरी ताणावी तशी कागदावर रेघ आखली आणि म्हणाली, मधोमध फुली कर. केली. तिने तो कागद माझ्या समोर उचलून धरला आणि डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी सोमजितला ओसरीवर नेलं. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाली, "आई, छोटी गाठ आहे, काढून टाकतील."

गोळ्या दिल्यात. पोरी, काय गोळ्या आहेत! तिसऱ्या दिवशी डोकं दुखायचं थांबलं. ओकारी गेली. बोटं हलली, डाव्या हाताची, मीच बघितली हलताना. आणि भूक! काल भाताची टोपली एकटीने संपवली, वर मुरवलेल्या मासळीसकट पपईची कोशिंबीर. पू फिला बघायला आला तर म्हणाला, "ख्वन आला की नाही परत? उशिरा आला, पण आला. लांब गेला होता."

आणि आता खरी गोष्ट सांगते. डॉक्टरांनी गुरुवार दिला होता, चोवीस तारीख. म्हणजे डोकं भादरणार आदल्या दिवशी, बुधवारी. आता तूच सांग, बुधवारी कुणी केस कापतं का? गावातला न्हावीसुद्धा बुधवारी वस्तऱ्याला हात लावत नाही. आणि हे तर कापण्याच्या पुढचं, कवटीच उघडायची, जिथे मोठा ख्वन बसतो तिथली! एक नुकता घरी आलाय, आणि बुधवारी दार उघडून दुसऱ्याला घालवायचा? पू फिलाने मान हलवली. थोंगसाने हलवली. सोमजित दोन दिवस जेवली नाही, मग जाऊन सांगून आली की गुरुवार नको. नर्सबाई पुष्कळ बोलली म्हणे. पण त्यांचे या कामाचे वार गुरुवारच, मंगळवारचा एक रिकामा मिळाला, डिसेंबरच्या वीस तारखेचा. चार आठवडे काय, चुटकीसरशी जातील. मी बरीच आहे आता. कालपासून मागावर बसतेय.

घड्याळ काढून पाठवतेय. तुझा गोल लहान पडला, बारा आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने बसवावे लागले.

तुझी याय

*

हादयाय
१ डिसेंबर २५३७

याय,

रागावू नकोस, आता मी सरळ लिहिते. मी तुला शीर आखडली असेल म्हणाले, ते खोटं होतं. पाकिटात डॉक्टरांनी गाठीची शंका लिहिली होती, मला तेव्हाच माहीत होतं.

डोक्यात गाठी पुष्कळ जातींच्या होतात. एक जात मेंदूवरच्या पातळ आवरणातून उगवते. ती वर्षानुवर्षं हळू वाढते, मेंदूला बाजूला दाबते, पण आत शिरत नाही. ती फणसाच्या गऱ्यासारखी असते, बोट घातलं की सुटून येते, आणि माणूस पुढे वीस वर्षं जगतो. दुसरी जात मेंदूच्याच मांसातून निघते. तिला कड नसते. ती शेतातल्या लव्हाळ्यासारखी, वरून उपटा, खाली मुळ्या राहतातच, आणि ती आठवड्या-आठवड्याला वाढते. तिसरी कधी फुप्फुसातून वगैरे वर चढलेली असते. तुझी कुठली, ते फोटोवरून नक्की कळत नाही. गाठ काढून, तिचा तुकडा भिंगाखाली ठेवला की कळतं. म्हणून घाई.

तुझी उजवीकडे आहे, कानाच्या वर, मागच्या अंगाला. उजवा मेंदू डाव्या बाजूचा कारभार बघतो. म्हणून याय थोंगसा दिसली नाही, मासा अर्धा, काठ लोंबता, कागद कोरा. डोळे चांगले आहेत. त्या बाजूला जगच उरलेलं नाही तुझ्यासाठी, आणि उरलेलं नाही हेही तुला कळत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, या जागची गाठ माणसाला बेफिकीर करते. तो हसत राहतो. याय, तुझ्या पत्रांनी मी वॉर्डभर सगळ्यांना हसवत फिरले.

त्या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही. भोवतीची सूज ओसरते, म्हणून चार दिवस बरं वाटतं. ख्वन परत आला नाही, गोळी आली. आईला हे सांगितलं असणारच. तिला माहीत असून तिने गुरुवार कसा सोडला? केसांसाठी? मला तार केली असती तर मी रात्रीची गाडी पकडून आले असते आणि मंगळवारी माझ्या हाताने तुझं डोकं भादरलं असतं!

रजा मागितली आहे. दहा तारखेला मिळेल. तोवर मागावर बसू नकोस, तळ्यावर जाऊ नकोस, एकटी झोपू नकोस.

राविवन

*

(तार)
९ डिसेंबर
आईला झटका. शुद्ध नाही. मोठ्या इस्पितळात. आज निघ. सोमजित

*

हादयाय
१४ जानेवारी २५३८

याय,

पोचले. गाडीत दोन दिवस बसून पाय सुजले, बाकी ठीक. तू दिलेला भात सुरतथानीपर्यंत पुरला.

तू इतक्यात पत्र लिहायला बसू नकोस. आधी हाताला सवय होऊ दे. डावा हात उचलत नाही तर नाही, पण तो तुझाच आहे हे तू आता म्हणतेस, डॉक्टरांना ते फार मोठं वाटतं. रोज तो उजव्या हाताने धरून चोळायचा. फिटच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. सोमवारपासून किरण सुरू होतील, तीस दिवस, शनिवार-रविवार सुट्टी. दुखत नाही. काही उरलंसुरलं असेल ते जाळायला, बस. गाठ काढली आहे, याय. तू आता तेच लक्षात ठेव.

एक सांगायचं होतं, तोंडावर सांगता आलं नाही. ऑपरेशननंतर तू नऊ दिवस हसली नाहीस. छताकडे बघत पडायचीस. मी रोज सकाळी येऊन वेड्यासारखे विनोद करायचे. मला भीती वाटत होती की हसणं गाठीचं होतं आणि डॉक्टरांनी तेही कापून नेलं. दहाव्या दिवशी नर्सने तुझ्या टकलाला पावडर लावली तेव्हा तू म्हणालीस, "मुलगा झाला म्हणून गावात सांगा." मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

आणि आई. माझं एक डिसेंबरचं पत्र तिनेच तुला वाचून दाखवलं असणार, तुला ओळींची सुरुवात दिसत नव्हती ना. मी ते विसरले होते. तिच्याच तोंडून तिला बोल लावले मी. ती महिनाभर माझ्याशी नीट वागली, म्हणून मला जास्त लागतं.

राविवन

*

बान नोंग वेंग
२८ मे २५३८

राविवन पोरी,

बघ, पूर्ण कागद भरलाय! किरणांच्या खोलीतल्या नर्सने युक्ती शिकवली. कागदाच्या डाव्या कडेला लाल पेन्सिलीची जाड रेघ मारायची, आणि प्रत्येक ओळ लिहिण्याआधी ती रेघ शोधायची. सापडली नाही तर मान वळवत राहायचं. ताटालाही सोमजितने लाल दोरा बांधलाय. आता मासा पूर्ण असतो.

तीस दिवस झाले ते फेब्रुवारीतच. तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला खिळवतात, नाक माझंच छापलेलं. मुखवटा मी मागून आणला, कोंबड्यांच्या खुराड्यावर टांगलाय. मुंगूस येत नाही.

तुझी आई आत्ता तळ्यावर गेलीय म्हणून लिहून घेते. तुझं डिसेंबरचं पत्र तिने वाचून दाखवलं तेव्हा चार पानं होती आणि वाचून संपलं चार ओळींत. मी कागद मागून घेतला. ती झोपल्यावर मीच वाचत बसले. ओळींची शेपटं तेवढी दिसली, पण "गऱ्यासारखी" आणि "लव्हाळ्यासारखी" ही दोन्ही शेपटाकडेच होती. तेवढ्यावरून माझं मी समजले.

या महिन्यात पुन्हा फोटो काढला. सोमजित औषधाच्या खिडकीशी रांगेत होती, तेव्हा मी डॉक्टरला धरला. तो बारकासा, चष्मेवाला, ज्याला तू भीत होतीस. म्हटलं, "बाबा, गऱ्याची की लव्हाळ्याची?" त्याला आधी कळेना, मग तुझं सगळं समजावलं. तो चपलांकडे बघायला लागला. म्हणाला, "लव्हाळ्याची, याय." म्हटलं, "मुळ्या?" म्हणाला, "पुन्हा फुटल्या आहेत थोड्या." म्हटलं, "पाऊस बघेन का?" म्हणाला, "हो, बहुतेक." म्हटलं, "आणि भातकापणी?" तो कागदावर काहीतरी लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता, बिचारा.

तू मला गाठ काढली म्हणालीस ते बरोबरच होतं. काढलीच होती. तुला मी खोटारडी म्हणत नाही.

आणखी एक विचारलं. चार आठवडे आधी, त्या गुरुवारी कापली असती तर? तो म्हणाला, "हात वाचला असता कदाचित. बाकीचं मला माहीत नाही, याय. ही जात फार वाईट आहे." आता नीट वाच. सोमजितला मी सांगितलंय की डॉक्टर म्हणाले काडीचा फरक पडला नसता, हातसुद्धा गेलाच असता. तिने तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. ती त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. पू फिलाला काही विचारायची हिंमत नाही. तो बुधवारचा उंबऱ्याबाहेर पडत नाही, लाजतो. तर तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांगायचं. तुझ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं म्हण. मी सांगितलंय म्हणून सांग.

हसणं कुणाचं म्हणून तू घाबरलीस. अगं, माझी आई माझ्या बापाच्या तिरडीपुढे हसली होती, तिरडीचा बांबू पू फिलाच्या धोतरात अडकला तेव्हा. तिला कुठे गाठ होती! तू माझं जुनं हसणं ऐकलं नाहीस, कारण तू जन्मलीस तेव्हापासून मी विणकामाच्या धांदलीत होते. सकाळी डोकं पुन्हा ठणकतं थोडं. तेव्हा नाही हसत मी. म्हणजे हसते ते माझंच असणार.

बरं, खरी बातमी राहिलीच! पाहुणे आले होते. जलाशयाच्या पलीकडच्या गावातल्या पाच विणकरणी, त्यांना व्यापारणीने पाठवलं. तीच ती, काठ लोंबतो म्हणणारी. नागाची नक्षी मागावर चढवण्याआधी रेशमाला गाठी मारून रंगवायची रीत आता माझ्याखेरीज कुणाला येत नाही, म्हणे. कागदावर ती कधी उतरवलेली नाही, माझ्या आईने मला गाण्यासारखी पाठ करून घेतली. मी म्हटलं, शिका की! माझा एक हात मेला, तर थोंगसाचे दोन घेतले. मी सांगायचं, थोंगसाने बांधायचं, त्या बघायच्या. "तीन सोड, दोन बांध, एक सोड," थोंगसा म्हणायची, "हळू गं बये, मी काय यंत्र आहे?" मी म्हणायचे, "साठ वर्षं शेजारी बसून काय सुपाऱ्याच कातरल्यास?" त्या बायका पोट धरधरून हसत होत्या. चार दिवस राहिल्या. भात संपवला सगळा, पण मन लावून शिकल्या. एकीचा हात फार चांगला आहे, सतरा-अठराची असेल, मी सांगायच्या आधीच तिची बोटं पुढे जातात. नागाची शेपूट झाली, अंगाची वळणं झाली. डोकं आणि तुरा राहिला. डोकं सगळ्यांत अवघड, एकशे नव्वद गाठी, एक चुकली की नाग म्हैस दिसतो.

पाचव्या दिवशी पाऊस आला. त्या उठल्याच. नांगरणी, मग रोपं, मग लावणी, आता कापणीपर्यंत मागाला कोण हात लावणार? मी म्हटलं, "अजून दोन दिवस राहा, डोकं उरकून घेऊ." थोरली म्हणाली, "याय, शेत थांबतं का? एवढी घाई काय आहे, तुम्ही कुठे पळून जाताय थोड्याच!" सोमजित चुलीकडे तोंड करून उभी होती. थोंगसा सुपारी कातरत राहिली. त्या चांगल्या हाताच्या पोरीने मात्र माझ्याकडे असं बघितलं की मीच नजर काढून घेतली. मी म्हटलं, "नाही बाई, पळते कुठे, या की."

थोंगसाच्या हातांना शेपूट आणि अंग आता येतं. डोक्याचं मी तिला रोज सकाळी थोडं थोडं म्हणून दाखवतेय, ठणका उतरला की. चाळीस गाठींपर्यंत आलोय.

पाहुण्या गाडीत चढताना मोठ्याने सांगून गेल्या, पक्कं केलं, गाडीवाल्यालाही सांगितलं. भात कापून झाला की येतील, बाराव्या महिन्याची, म्हणजे नोव्हेंबरातली, पौर्णिमा झाल्यावर जो पहिला सोमवार येईल, त्या दिवशी.